ठाणे-नवी मुंबईत छोटा उद्योग उभारताना: आधी पत्ता, मग कागद, मग कर्ज

ठाण्यात किंवा नवी मुंबईत धंदा काढायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा मशिन बघायला जातात. मशिन पसंत पडतं, टोकन दिलं जातं, मग गाळा शोधला जातो, मग लायसन्सची धावपळ होते आणि सगळ्यात शेवटी बँकेची पायरी चढली जाते. या क्रमाने गेलं की हक्काचं अनुदान हातून जातं आणि गाळ्याचं भाडं मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतं. या पट्ट्यात सगळ्या गोष्टींची किल्ली एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे धंद्याचा पत्ता. अर्ज कोणत्या कार्यालयात जाणार, अनुदान किती टक्के मिळणार, वीज कोणाची, परवानगी कोणाची, बँकेची शाखा कोणती, हे सगळं पत्ता ठरवतो.

सगळीकडे एकच उदाहरण धरू या: मिरची-मसाला कुटून, पाऊचमध्ये भरून विकणारं छोटं युनिट. वाशीचं मसाला मार्केट जवळ असल्याने इथे हा धंदा पुष्कळ जण करतात, आणि होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्यात दिसतात. तुमचा धंदा वेगळा असला तरी क्रम हाच.

नवी मुंबई एक, जिल्हे दोन

दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरुळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा, उलवे हा भाग रायगड जिल्ह्यात. बोलताना आपण सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतो, पण अनुदानाचे अर्ज घेणारं जिल्हा उद्योग केंद्र जिल्ह्याप्रमाणे चालतं. बेलापूरच्या गाळ्याचा अर्ज ठाण्याच्या केंद्राकडे जातो आणि पुढच्याच स्टेशनवरच्या खारघरच्या गाळ्याचा अलिबागला. राहायला नेरुळला आणि गाळा तळोज्याला असेल तर युनिटचा जिल्हा रायगड. अर्जात घरचा जिल्हा टाकला की अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो आणि 'कार्यक्षेत्राबाहेर' असा शेरा मारून परत येतो. त्यात दोन-तीन महिने सहज जातात.

बँकेचंही तसंच. ठाणे जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे, रायगडची बँक ऑफ इंडिया. कर्जाचा अर्ज एखाद्या शाखेत विनाकारण पडून राहिला तर ज्यांच्याकडे दाद मागायची ते अग्रणी जिल्हा व्यवस्थापक यावरूनच ठरतात. ऑनलाइन अर्जात शाखा निवडताना पगाराचं खातं असलेली शाखा निवडू नका. युनिटच्या जवळची निवडा. कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला गाळा बघायला यावं लागतं. डोंबिवलीच्या शाखेतून कोणी रबाळ्याला सहजासहजी येत नाही.

आता टक्क्यांचा फरक. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के अनुदान मिळतं, ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना शहरात २५ आणि ग्रामीणमध्ये ३५ टक्के. म्हणजे वागळे इस्टेटमधला गाळा आणि भिवंडी, शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या ग्रामपंचायत हद्दीतला गाळा यांत सरळ १० टक्क्यांचा फरक पडतो. एवढ्यासाठी लगेच शहापूर गाठू नका. कच्चा माल वाशीहून न्यायचा, तयार माल ठाण्याला आणायचा, तर टेम्पोच्या भाड्यात वर्षभरात किती जातील ते आधी कागदावर मांडा. अनुदान एकदाच मिळतं, टेम्पो दर आठवड्याला लागतो.

गाळा घेताना काय विचारायचं

वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. पुढे दिघ्यापासून नेरुळ-शिरवण्यापर्यंत ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. या दोन्ही ठिकाणी भाड्याने मिळणारे गाळे बहुतेक वेळा दुसऱ्याच्या भूखंडावरचे असतात. एमआयडीसीचा भूखंड ज्याच्या नावावर आहे त्याला तो पोटभाड्याने देण्यासाठी महामंडळाची परवानगी लागते आणि त्याचं शुल्क भरावं लागतं. पुष्कळ मालक ते भरत नाहीत आणि "इथे सगळे असेच बसलेत" म्हणतात. तसे बसलेलेही असतात, पण कर्जाची फाइल तिथेच अडते. डिपॉझिट द्यायच्या आधी पोटभाड्याच्या परवानगीचं पत्र मागा. ते मिळत नसेल तर तो गाळा गोदाम म्हणून कितीही चांगला असो, कर्ज काढून उद्योग करण्यासाठी घेऊ नका.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा; महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे. मुदत ११ महिन्यांची ठेवायची इथे सवय आहे, पण पाच वर्षांचं कर्ज मागणाऱ्याने अकरा महिन्यांचा करार पुढे केला की बँकेचा अधिकारी विचारणारच, "बाराव्या महिन्यात मशिन कुठे नेणार?" निदान तीन वर्षांचा, शक्य असेल तर पाच वर्षांचा करार करा. आणि जागेचा वापर स्पष्ट लिहून घ्या: 'मसाला उत्पादन व पॅकिंगसाठी'. नुसतं 'व्यावसायिक वापर' असं मोघम लिहिलं की पुढे प्रत्येक खात्यात त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

विजेचं बिल हातात घेऊन बघा. मंजूर भार किती, सिंगल फेज की थ्री फेज, दर औद्योगिक की व्यापारी. ठाणे आणि नवी मुंबईत महावितरण आहे. कळवा-मुंब्रा-दिवा आणि भिवंडीत बिल टोरंटचं येतं, म्हणून भार वाढवायचा अर्जही तिथेच करायचा. हिशेब सोपा आहे: एक एचपी म्हणजे साधारण ०.७५ किलोवॅट. पाच एचपीचा पल्व्हरायझर म्हणजे कुटायचं मशिन, दोन एचपीचा भाजायचा रोस्टर, एक्झॉस्ट पंखे, सीलिंग मशिन आणि दिवे धरले तर सात किलोवॅटच्या आसपास जाता. गाळ्याला तीन किलोवॅट मंजूर असेल तर भार वाढवण्याचा खर्च कोण करणार ते करारात लिहा. मशिन येऊन पडलंय आणि मीटरची वाट बघतंय, हे चित्र या धंद्यात फार नेहमीचं आहे.

घरातून सुरुवात करायची असेल तर पापड, लाडू, चकली इथपर्यंत चालतं. मिरची कुटणं मात्र सोसायटीच्या इमारतीत करू नका. ठसका तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि तक्रार पहिल्याच आठवड्यात येते. मशिनशिवायही सुरुवात करता येते: माल स्वतः निवडायचा, वाळवायचा, भाजायचा, ओळखीच्या डंक्यावर कांडून आणायचा आणि पॅकिंग आपल्याकडे करायचं. पहिला उन्हाळा असा काढला की कोणता मसाला खपतो ते कळतं, आणि मग मशिन किती क्षमतेचं घ्यायचं हा प्रश्न आपोआप सुटतो.

कागदांचा क्रम

सुरुवात शॉप अ‍ॅक्टपासून, म्हणजे आपल्या भाषेत गुमास्त्यापासून. २०१७ च्या नव्या कायद्याने मोजक्या माणसांच्या धंद्याला नोंदणी लागत नाही. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची. दारावरची पाटी मराठीत, देवनागरीत हवी. इंग्रजी नाव लिहायचं असेल तर मराठी वर, आणि तिचं अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाही.

मग उद्यम नोंदणी. ती पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासात होते. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी, पैसे घेणारी बरीच खाजगी पानं शोधात वर येतात; पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघा आणि पैसे मागितले की बाहेर पडा. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटी आणि उलाढालीत १० कोटी झाली आहे, त्यामुळे आपल्यासारखं युनिट त्यात आरामात बसतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम फक्त नव्या युनिटसाठी आहे. उद्यमच्या अर्जात धंदा सुरू झाल्याची तारीख दोन वर्षांपूर्वीची टाकली, "जुना धंदा दिसला की बँकेला बरं वाटेल" या समजुतीने, तर तुमचं युनिट 'आधीपासून चालू' ठरतं आणि अर्ज बाद होतो. तारीख खरी टाका. खरोखरच धंदा आधीपासून चालू असेल तर तुमची योजना दुसरी आहे. ती पुढे येते.

खाण्याच्या वस्तूला अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. छोट्या उलाढालीला साधं रजिस्ट्रेशन, वर्षाला १०० रुपये. मोठ्या उलाढालीला राज्याचं लायसन्स, आणि त्याला जागेचा नकाशा, पाण्याचा तपासणी अहवाल, मशिनची यादी असं बरंच लागतं. पाण्याचा अहवाल प्रयोगशाळेकडून यायला वेळ जातो, म्हणून गाळा ताब्यात येताच नमुना द्या. मसाल्याच्या पुडीबद्दल नियम कडक आहे: कुटलेला मसाला सुटा विकता येत नाही, पॅक करूनच विकायचा. बरणीतून तोलून देणं बेकायदा आहे, मग ग्राहक कितीही ओळखीचा असो. मिरची पूड असेल तर ओलावा ११ टक्क्यांच्या आत हवा. पावसाळ्यात वाळवलेली मिरची हमखास इथे नापास होते आणि पाऊचमध्ये गोळे धरतात. म्हणूनच आपल्याकडे वर्षाचा मसाला मे संपायच्या आत होतो.

लेबल छापायला देण्याआधी मजकूर कोणाकडून तरी तपासून घ्या, कारण दहा हजार पाऊच एकदा छापले की चूक दहा हजार वेळा होते. घटक जास्त वजनाकडून कमी वजनाकडे या क्रमाने, निव्वळ वजन, किंमत सर्व करांसहित, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, शाकाहारी चिन्ह, पोषणमूल्यं, १४ आकडी अन्न परवाना क्रमांक. याशिवाय प्रति ग्रॅम किंमतही छापावी लागते: २०० ग्रॅमचं पाऊच १८० रुपयांना असेल तर 'प्रति ग्रॅम ०.९० रुपये'. हे हमखास राहून जातं. पॅकबंद माल विकणाऱ्याने वैधमापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंद करायची असते, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत. काट्यावर त्यांचा शिक्का हवा.

जीएसटी मालाच्या धंद्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत राज्यातल्या राज्यात सक्तीचा नाही, सेवेला ही मर्यादा २० लाख. माल गुजरातला किंवा गोव्याला पाठवायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. व्यवसाय कराची नोंद विसरू नका. मालकाचे वर्षाला २,५०० रुपये आहेत, आणि चार वर्षांनी दंडासकट भरायला जड जातात.

पाऊचचा हिशेब

प्रकल्प अहवाल लिहिण्याआधी एका पाऊचचा हिशेब करा. हा हिशेब ज्याला तोंडपाठ आहे त्याला बँकेत कोणी अडवू शकत नाही. खालचे भाव समजण्यासाठी धरले आहेत. तुम्ही त्या आठवड्याचा बाजारभाव घाला.

समजा, मिरची, धणे, खोबरं, गरम मसाला मिळून १० किलो जिन्नस सरासरी ३८० रुपये किलोने घेतले: ३,८०० रुपये. आता देठ खुडले, माती-काडी निवडली, उन्हात ओल गेली, भाजताना वजन घटलं, कुटताना उडालं, मशिनला चिकटलं. हातात मसाला आला ८.८ किलो. म्हणजे कच्च्या मालाचा खरा खर्च किलोला ३८० नाही, ४३२ रुपये. भाजणं-कांडणं किलोला ६० धरलं तर ४९२. दोनशे ग्रॅमला ९८ रुपये ४० पैसे. पाऊच आणि लेबल ७, भरणं-सील करण्याची मजुरी ८, भाडं-वीज-फोन यांचा वाटा १२. एकूण १२५ रुपये ४० पैसे.

छापील किंमत १८० ठेवली आणि दुकानदाराला २५ टक्के दिले तर तुम्हाला १३५ मिळतात. उरले साडेनऊ रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर त्या १३५ मधूनच पाच टक्के कर बाजूला काढायचा. मग तुमचे १२८ रुपये ६० पैसे, आणि उरले जेमतेम तीन रुपये.

घट धरली नसती तर हाच हिशेब ११५ रुपयांवर थांबला असता आणि पाऊचमागे वीस रुपये सुटतायत असं वाटलं असतं. दोन-दोन वर्षं भरपूर माल विकूनही पैसे का साठत नाहीत, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या घटीत सापडतं. घट मोजायची रीत सोपी आहे: पाच किलो माल घ्या, निवडल्यावर, वाळवल्यावर, भाजल्यावर आणि कुटल्यावर असं चार वेळा त्याच काट्यावर तोला आणि वहीत लिहा. ब्याडगीची घट वेगळी, संकेश्वरीची वेगळी. तीन बॅचची सरासरी धरा.

हिशेबातून मार्गही दिसतो. तोच पाऊच थेट ग्राहकाला १६० ला दिला तरी सुटणारा पैसा दुकानापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून पहिल्या वर्षी सोसायट्या, महिला बचत गटांची प्रदर्शनं, कार्यालयांमधल्या ऑर्डरी यांवर भर द्या आणि दुकानं हळूहळू वाढवा.

कोणती योजना कोणाला

प्रकल्प आठ लाखांचा धरू: मशिनरी ४ लाख २० हजार, वीज जोडणी ५० हजार, किरकोळ १० हजार, खेळतं भांडवल ३ लाख २० हजार. खेळतं भांडवल बरोबर ४० टक्के आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी त्यापुढे जाऊ नका. या योजनेत उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवेचा २० लाखांपर्यंत चालतो. उत्पादनात १० लाखांच्या आणि सेवेत ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पाला अर्जदार आठवी पास हवा.

शहरातल्या सर्वसाधारण पुरुष अर्जदाराला स्वतःचे १० टक्के म्हणजे ८० हजार घालावे लागतात आणि अनुदान १५ टक्के म्हणजे १ लाख २० हजार. हाच अर्ज पत्नीच्या नावे, तिनेच खरोखर चालवायच्या धंद्यासाठी केला तर स्वतःचे ५ टक्के म्हणजे ४० हजार, आणि अनुदान २५ टक्के म्हणजे २ लाख. पती-पत्नी मिळून एकालाच लाभ मिळतो, म्हणून आधी ठरवा. नुसतं नाव पत्नीचं आणि बँकेतल्या प्रश्नांची उत्तरं पती देतोय, असं झालं की अधिकारी फाइल बाजूला ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

खाद्यपदार्थांसाठी दुसरी योजना आहे, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. २०२० साली सुरू झाली. अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, शहर-गाव भेद नाही आणि चालू असलेल्या युनिटलाही मिळतं. पण अनुदान भांडवली खर्चावरच. खेळतं भांडवल त्यात धरत नाहीत. वरच्या प्रकल्पात भांडवली खर्च ४ लाख ८० हजार, त्याचे ३५ टक्के १ लाख ६८ हजार. म्हणजे सर्वसाधारण पुरुषाला ही योजना फायद्याची, महिलेला या विशिष्ट प्रकल्पात पहिली. मशिनचा हिस्सा मोठा असेल तर गणित उलटतं. म्हणून कोणी "अमुकच योजना घ्या" म्हणालं तर आधी आपला खर्च भांडवली किती आणि खेळता किती ते मांडा. या दुसऱ्या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती अर्ज आणि अहवाल करून देतात. त्यांचं मानधन सरकार देतं, तुमच्याकडून एक रुपया नाही.

दोन्ही योजनांना केंद्राची मंजुरी २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतची होती, तेव्हा पोर्टलवर अर्ज कोणत्या नियमांनी घेतले जातायत ते पाहूनच पुढचा खर्च करा. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे. तोही जिल्हा उद्योग केंद्रातूनच चालतो.

अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना अनुदानाची नाही. कर्ज नियमित फेडलं की व्याज परत मिळतं, वैयक्तिक कर्जाला १५ लाखांपर्यंत. इथे चूक एकच होते आणि ती सुधारता येत नाही: लोक आधी कर्ज घेतात आणि मग महामंडळाकडे जातात. आधी पात्रता प्रमाणपत्र, मग बँक. मुद्रा हे नुसतं कर्ज आहे, त्यात अनुदान नाही. ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण.

बँकेच्या टेबलावर

कोटेशन जीएसटी क्रमांकासह, मशिनची क्षमता आणि एचपी लिहिलेलं हवं. अहवालात ताशी ५० किलो लिहिलंय आणि कोटेशनमध्ये ताशी २० किलोचं मशिन आहे, असं असेल तर पुढचं कोणी वाचत नाही. आधार, पॅन, वीज बिल, करार या चारही कागदांवर नाव आणि पत्ता तंतोतंत सारखा ठेवा; 'रोड नं. १६' आणि 'रस्ता क्र. १६' एवढ्यावरूनही प्रश्न येतात. मोबाइलच्या हप्त्यावर थकलेले दोन हजारसुद्धा सिबिलमध्ये दिसतात, म्हणून अहवाल आधी स्वतः काढून बघा. थकबाकी भरून नोंद सुधारायला महिना-दीड महिना द्या.

सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घराचे कागद मागितले तर नम्रपणे पतहमी योजनेखाली, म्हणजे तारणाऐवजी सरकारी हमीवर, कर्ज देण्याची लेखी विनंती करा, आणि नकार मिळाला तर तोही लेखी मागा. अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात करा. नवी मिरची जानेवारीपासून बाजारात उतरू लागते आणि मसाल्याचा हंगाम मे संपेपर्यंतच असतो. मेमध्ये मंजूर झालेलं कर्ज त्या वर्षाच्या कामाचं नाही. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत मशिनचं टोकन देऊ नका.

माणसं कुठे भेटतात

वागळे इस्टेटमध्ये ठाणे लघुउद्योग संघटना म्हणजे टिसा, रबाळ्याला ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. सभासद झालात की वीज, पाणी, एमआयडीसी यांच्या अडचणींत एकट्याने पत्रं लिहावी लागत नाहीत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जॉबवर्क देणारे-घेणारे तिथेच भेटतात. पल्व्हरायझरची जाळी दुरुस्त करणारा कोण, हे शोधून सापडत नाही. तिथे एका फोनवर कळतं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राच्या प्रशिक्षणाला बसा. रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रशिक्षण तसंही लागतंच, त्याशिवाय अनुदान पुढे सरकत नाही. मराठी उद्योजकांच्या सॅटर्डे क्लबमध्ये ओळखी होतात.

'स्टार्टअप' हा शब्द मात्र जपून वापरा. केंद्राची स्टार्टअप मान्यता एकल मालकीच्या धंद्याला मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते आणि कल्पनेत नवेपण दाखवावं लागतं. साध्या मसाल्याच्या युनिटने त्यासाठी कंपनी काढून दरवर्षी ऑडिटचा खर्च ओढवून घेऊ नये. पण पॅकिंगचं नवं यंत्र किंवा ओलावा मोजायचं स्वस्त उपकरण तुम्ही बनवत असाल तर कंपनी जरूर काढा. मग राज्याच्या नावीन्यता सोसायटीची दारं उघडतात, आणि महिला संस्थापक असेल तर अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत १ ते २५ लाखांचं सहाय्य आहे. उलाढाल १० लाख ते १ कोटी हवी. ट्रेडमार्कसाठी मात्र स्टार्टअप असण्याची गरज नाही. एकट्या व्यक्तीला किंवा उद्यम नोंद असलेल्या लघुउद्योगाला एका वर्गाची ऑनलाइन फी ४,५०० आहे, एरवी ९,०००. मसाला वर्ग ३० मध्ये येतो. लेबल छापण्याआधी नाव शोधून बघा.

उधारी आणि पुढची तीन वर्षं

कॅन्टीन आणि हॉटेलं माल उधारीवर घेतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि पैसे किती दिवसांत द्यायचे ते लिहा. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. एप्रिल २०२४ पासून मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात धरता येत नाही, म्हणून मार्चमध्ये त्यांच्या लेखा विभागाला एक साधं पत्र पाठवलं तरी थकलेली बिलं हलतात. हे संरक्षण माल देण्याआधी उद्यम नोंद असेल तरच भक्कम असतं, आणि ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. नुसत्या ट्रेडिंगला नाही.

रोजगार निर्मितीचं अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावे ठेव म्हणून अडकून राहतं. त्यावर व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी माणूस येऊन बघतो, युनिट चालू आहे का आणि मशिन जागेवर आहे का, मगच ती रक्कम कर्जात वळती होते. या काळात मालकाने गाळा विकला किंवा भाडं परवडेनासं झालं तर जागा बदलता येते, पण गुपचूप नाही. नवा करार नोंदवा, बँकेला आणि जिल्हा उद्योग केंद्राला लेखी कळवून पोच घ्या, मग उद्यम, गुमास्ता, अन्न परवाना, जीएसटी, पॅकर नोंदणी आणि शेवटी पाऊचवरचा पत्ता बदला. जुन्या पत्त्याचे पाऊच शिल्लक असतील तर ते संपतील अशा बेताने तारीख धरा. आणि ठाणे जिल्ह्यातून रायगडला, म्हणजे बेलापूरहून खारघरला जाणार असाल, तर ट्रक ठरवण्याआधी ठाण्याच्या केंद्रात जाऊन विचारा.